बंगालच्या स्वाऱ्या आणि नागपूरची शाळा

नागपूर शहराचा इतिहास नागपूरच्याच मुलांना शिकविणे हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. ज्या नगराची स्थापना देवगडच्या गोंड राजाने केली, ज्याचा विस्तार भोसल्यांनी केला, ज्याचे राज्य इंग्रजांनी वारसाचा प्रश्न पुढे करून खालसा केले, आणि ज्याच्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी माणसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग धम्मदीक्षा घेऊन शतकानुशतकांच्या अवहेलनेकडे पाठ फिरविली, त्या नगरातील एकाच वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोणाच्या पूर्वजांनी राज्य कमावलेले असते, कोणाच्या पूर्वजांनी ते गमावलेले असते, आणि पुष्कळांच्या पूर्वजांच्या वाट्याला, अंमल कोणाचाही असो, सारा आणि वेठ यांपलीकडे काहीच आलेले नसते. अशा वर्गासमोर उभा राहून जो शिक्षक गतकाळाविषयी बोलतो, त्याच्या प्रत्येक वाक्याचे वजन निरनिराळ्या बाकांवर निरनिराळे पडते, आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या कर्त्यांपेक्षा त्या शिक्षकालाच अधिक उमगलेली असते.

१७ मार्च २०२५ च्या रात्री हे वजन रस्त्यावर उतरले. १७०७ साली मृत्यू पावलेल्या औरंगजेबाच्या खुलताबादेतील कबरीवरून उठलेल्या वादातून महाल आणि हंसापुरी या जुन्या वस्त्यांत दगडफेक आणि जाळपोळ झाली, शहराच्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागू झाली, आणि ज्या गल्ल्यांतून मुले रोज शाळेला जातात त्याच गल्ल्यांत जळालेल्या वाहनांचे सांगाडे उभे राहिले. त्यानंतर वर्गात जो प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक होते, तो टाळणे हा शहाणपणा खचित नव्हे. कारण त्या महाल भागाचेच नव्हे, तर सबंध शहराचे मूळ ज्या पुरुषाशी जाऊन भिडते, तो देवगडचा बख्त बुलंद शहा राज्याचा हक्क परत मिळविण्यासाठी याच औरंगजेबाच्या दरबारी गेला होता, तेथे त्याने इस्लामचा स्वीकार केला होता, राज्यावर पुनः स्थापित झाला होता, आणि पुढे त्याच बादशहाविरुद्ध बंड करून त्याच्या मुलखात त्याने धामधूम मांडली होती. धर्मांतरानंतरही या घराण्याने गोंड कुळांशी विवाहसंबंध सोडले नाहीत. राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्यावस्त्यांच्या जागी १७०२ च्या सुमारास त्याने नागपूर वसविले, आणि हिंदू व मुसलमान कुणबी-कारागिरांना बोलावून जमिनी दिल्या. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानाने शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला, ज्याला आज आपण गांधीसागर म्हणतो. ही सर्व हकिकत शांतपणे, क्रमवार सांगितली, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती कळते, आणि एका नावाभोवती मनात जमलेली आग तिने शमली नाही तरी निदान तिला विचाराची जोड मिळते.

परंतु दुसऱ्याने आपल्यावर केलेल्या अन्यायाचा पाठ शिकविणे हे तुलनेने सुकर आहे. ज्या घराण्याविषयी शहराला सार्थ ममत्व वाटते, ज्याच्या नावाचे वाडे, पेठा, तलाव आणि देवळे आजही उभी आहेत, त्या घराण्याच्या फौजांनी परमुलखात जे केले ते शिकविणे हे खरे अवघड काम होय. नागपूरच्या शाळेची कसोटी, माझ्या मते, रघूजी भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांचा पाठ ती कसा देते यावर लागावयाची आहे.

शालेय पुस्तकांविषयीची तक्रार आपल्याकडे नवी नाही. ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला, त्याचे कॅप्टन डेव्हिड केपन याने केलेले मराठी भाषांतर 'मराठ्यांची बखर' या नावाने निघाले, आणि मराठी शाळांतील मुलांच्या कित्येक पिढ्यांना आपल्याच पूर्वजांची ओळख त्यांना जिंकणाऱ्यांच्या लेखणीतून झाली. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात त्या बखरीवर टीका करणारा निबंध वाचला, डफसाहेबाचे आधार, त्याची गृहीते आणि त्याचे पक्षपात यांची एकेक करून छाननी केली, आणि तेथून मराठी इतिहाससंशोधनाचा ओघ सुरू झाला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कीर्तन्यांनी त्या पुस्तकाची होळी करा असे म्हटले नाही; त्यांनी पुरावा मागितला, ही गोष्ट आज अधिक ठळकपणे सांगण्याजोगी आहे. नागपूर प्रांतात शाळेच्या नावावरूनही कसा क्षोभ होऊ शकतो, हे १९३७ नंतर पं. रविशंकर शुक्लांच्या 'विद्यामंदिर' योजनेच्या वेळी दिसून आले. खेड्यात शाळा नसेल तेथे दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावी असा त्या योजनेचा हेतू, परंतु 'मंदिर' या शब्दाला मुसलमानांनी घेतलेल्या हरकतीने तिच्यातील शिक्षणाचा विचार मागे पडला आणि नावाचा वाद पुढे आला.

आता बंगालकडे वळू. कर्नाटकच्या मोहिमेत नाव कमावून परतलेल्या रघूजीने आपला दिवाण भास्करराम कोल्हटकर यास १७४२ साली फौजेनिशी बंगालवर पाठविले. कारण चौथाईचे होते. बंगाल-बिहार-ओरिसा हा मोगल साम्राज्याचा सर्वांत धनाढ्य सुभा होता, त्याचा सुभेदार अलिवर्दीखान स्वतःच आपल्या धन्याच्या मुलाला ठार करून गादीवर बसलेला होता, आणि त्याच्याविरुद्ध असंतुष्ट झालेल्यांपैकी मीर हबीब नावाचा इराणी मुत्सद्दी मराठ्यांना येऊन मिळाला होता. याच मीर हबीबने मे १७४२ मध्ये मराठी घोडदळ मुर्शिदाबादेच्या वेशीपर्यंत नेऊन जगतशेठाची पेढी लुटविली. पावसाळ्यात भास्करपंताने भागीरथीकाठी काटव्याजवळ तळ दिला, जमीनदारांकडून वर्गणी वसूल करून मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली, आणि नवमीच्या सुमारास अलिवर्दीने नदी ओलांडून अकस्मात छापा घातल्यामुळे पूजा अर्धवट टाकून त्याला निघावे लागले.

पुढच्या वर्षी रघूजी स्वतः उतरला, तो पेशवा बाळाजी बाजीराव अलिवर्दीच्या बाजूने मैदानात आला! नबाबाकडून बावीस लाख रुपये घेऊन पेशव्याने रघूजीला बंगालबाहेर हुसकावले, आणि मराठी राज्याच्या या दोन खांबांमधील तंट्याचा निवाडा अखेर छत्रपती शाहूंना मुलखाची वाटणी करून द्यावा लागला. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे तहाच्या बोलण्यासाठी म्हणून डेऱ्यात बोलाविलेल्या भास्करपंताला त्याच्या सुमारे वीस सरदारांसह अलिवर्दीने कापून काढले. या विश्वासघाताचा सूड म्हणून रघूजीच्या स्वाऱ्या अधिकच तीव्रतेने चालू राहिल्या, आणि १७५१ च्या तहाने बंगालची चौथाई म्हणून सालिना बारा लाख रुपये व ओरिसाचा वसूल नागपूरकरांच्या पदरात पडला. त्यानंतर १८०३ पर्यंत कटक-पुरीचा मुलूख नागपूरच्या दफ्तराशी जोडलेला होता; जगन्नाथाच्या देवस्थानाची व्यवस्था पन्नास वर्षे भोसल्यांच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखाली चालली, आणि कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा राहिला तोही याच अमदानीत.

एवढे सगळे नागपूरच्या अभिमानाला पोषक आहे, आणि ते सांगावे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांच्या 'नागपूरकर भोसल्यांची बखर' या ग्रंथात, आणि त्या बखरीचे संपादन करणाऱ्या यादव माधव काळे यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या 'नागपूर प्रांताचा इतिहास' या परिश्रमपूर्वक लिहिलेल्या ग्रंथात या पराक्रमाला योग्य ते स्थान मिळाले आहे. पण स्वाऱ्यांच्या त्या नऊ-दहा वर्षांत बंगालच्या रयतेचे काय झाले, हे विचारल्याखेरीज तो पाठ पुरा होत नाही. भागीरथीच्या पश्चिमेचा वर्धमान, वीरभूम, मेदिनीपूर हा मुलूख वारंवार उद्ध्वस्त झाला. धान्याची कोठारे जळाली. रेशमाचे आणि सुताचे माग बंद पडून विणकर नदीपार पूर्वेकडे पळाले. आणि कलकत्त्याच्या वखारीतील इंग्रजांनी व तेथील देशी रहिवाशांनी मराठ्यांच्या भयाने गावाभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला, त्यातील सुमारे तीन मैल खणून होतात तोच काम थांबले. 'मराठा डिच' हे त्या खंदकाचे नाव कलकत्त्याच्या नकाशावर पुढेही कितीतरी वर्षे राहिले. मराठी फौजेतील बारगीरांवरून बंगालीत 'बर्गी' हा शब्द रूढ झाला, आणि त्या बर्गींच्या येण्याचे अंगाईगीत म्हणून बंगाली आया आपल्या लेकरांना आजही निजवितात. जे नाव नागपुरात पेठेला आणि चौकाला देण्याच्या योग्यतेचे, त्याच नावाचा धाक दुसऱ्या प्रांतात बाळाला झोपविण्यासाठी घातला जातो, ही वस्तुस्थिती नागपूरच्या मुलाला शाळेत कळली पाहिजे; मोठेपणी एखाद्या बंगाली सहकाऱ्याच्या तोंडून ती प्रथम ऐकण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

या प्रसंगाचा एक समकालीन साक्षीदार असा आहे की त्याच्याइतके उत्तम साधन शिक्षकाला दुसरे मिळावयाचे नाही. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' या नावाचे काव्य लिहिले. त्याच्या हस्तलिखितावर बंगाली सन ११५८, म्हणजे इसवी सन १७५१, हा काल नोंदलेला आहे. या कवीने कथा अशी रचली आहे की पृथ्वी लोकांच्या पापाने भाराक्रांत झाली, तेव्हा शिवाने नंदीला दक्षिणेत शाहू राजाकडे पाठविले आणि त्या पापाच्या शासनासाठी मराठ्यांना बंगालवर प्रेरित केले. म्हणजे आरंभी मराठे हे ईश्वराच्या हातचे साधन ठरतात. परंतु पुढे त्यांनी गावे जाळली, ब्राह्मण-वैष्णवांची हत्या केली, स्त्रियांची विटंबना केली, तेव्हा देवीच त्यांच्यावर रुष्ट होते, मुसलमान नबाबाच्या पक्षाला जाते, आणि काव्याचा शेवट भास्करपंताच्या वधाने होतो. ज्या वर्षी नागपूर दरबाराला बारा लाखांची चौथाई मंजूर झाली, त्याच वर्षीच्या या पोथीत एका धर्मनिष्ठ हिंदू कवीची दुर्गा मराठ्यांच्या दुर्गापूजेकडे पाठ फिरविते!

हे काव्य आणि गुप्त्यांची बखर शेजारी शेजारी ठेवून वर्गात वाचली, तर इतिहासाची जी चौकट मुले घरून, मिरवणुकीतून आणि हातातल्या पडद्यावरून तयार घेऊन येतात ती आपोआप सैल होते. हा हिंदूंचा मुसलमानांशी झगडा म्हणावा, तर मराठ्यांचा प्रमुख सल्लागार मीर हबीब आहे आणि त्यांच्या विरोधात पेशवा नबाबाशी हातमिळवणी करतो आहे. हे परचक्राविरुद्ध स्वराज्याचे युद्ध म्हणावे, तर परचक्र कोणाचे, हा प्रश्न वर्धमानच्या विणकराला विचारावा लागतो. आणि नुसती लूट म्हणून ते झटकून टाकावे, तर चौथाईचा हक्क, त्यामागील सनदांचे राजकारण, कर्जाखाली दबलेला सातारचा दरबार आणि फौजेचा तुंबलेला पगार यांचा उलगडा होत नाही. शिक्षकाने यांपैकी कोणतेही एक उत्तर मुलांच्या हाती तयार देऊ नये, त्यांना हे तिन्ही प्रश्न द्यावेत.

असे करता येते याचे उदाहरण आपल्याच दोन इतिहासकारांनी घालून दिले आहे. सर जदुनाथ सरकार हे बंगालचे, आणि 'मराठी रियासत'कार गोविंद सखाराम सरदेसाई महाराष्ट्राचे. बर्गींच्या अत्याचारांविषयी जदुनाथांनी जे कठोर लिहिले आहे ते मराठी वाचकाला आजही बोचते, आणि मराठ्यांच्या कर्तृत्वाविषयी सरदेसायांची आस्था सर्वविदित आहे. तरीही या दोघांचा स्नेह कित्येक दशके अखंड राहिला, पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड त्यांनी मिळून संपादिले, आणि मतभेदाची परिणती त्यांनी अधिक कागद शोधण्यात केली. जर्मनी आणि फ्रान्स या दोन राष्ट्रांनी तीन घनघोर युद्धांनंतर २००६ साली दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांसाठी एकच इतिहासाचे पाठ्यपुस्तक तयार केले. नागपूर आणि मुर्शिदाबाद ही तर एकाच प्रजासत्ताकातील दोन नगरे आहेत. कटकच्या, वर्धमानच्या आणि नागपूरच्या शिक्षकांनी एकत्र बसून १७४२ ते १७५१ या कालाचा एक संयुक्त पाठ लिहावा, ही सूचना मी येथे गांभीर्याने करीत आहे.

स्वतःच्या घरातील ही छाननी बंगालपुरती थांबावी असेही नाही. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वलीशहाने गादी बळकावली, तेव्हा चांद सुलतानाच्या विधवा राणीने अल्पवयीन मुलांच्या रक्षणासाठी रघूजीला बोलाविले. त्याने मुलांना गादीवर बसविले आणि मोबदला घेऊन तो परत गेला. पुढे बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा या भावांत कलह माजला, रघूजी पुन्हा आला, आणि १७४३ च्या सुमारास बुऱ्हाणशहाला 'राजा' ही पदवी व नेमणूक देऊन त्याने राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. पालनकर्ता धनी झाला. गोंड राजाचे वंशज त्यानंतर नागपुरातच मानाने पण सत्तेविना राहिले. सुमारे एकशे दहा वर्षांनंतर, ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले असता, डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा केले. वाड्यातील हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावाने विकले गेले, जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले, आणि सामान हलविल्यास वाड्यालाच आग लावीन असे वृद्ध राणी बांकाबाई म्हणाल्याचे इंग्रज इतिहासकार के याने नमूद केले आहे. १८५४ च्या या अन्यायाचा पाठ आपण संतापाने शिकवितो, आणि तो संताप रास्त आहे. पण १७४३ चा पाठ त्याच्या आधी शिकविला गेला, तर वर्गातील गोंड मुलाला आपलेही घर या इतिहासात आहे असे वाटेल, आणि बाकीच्यांना राज्य हरपणे म्हणजे काय हे दोन्ही बाजूंनी कळेल.

बांकाबाईंचेच पुढचे चरित्र घ्या. ज्यांच्या डोळ्यांदेखत घराण्याची अब्रू लिलावात निघाली, त्या या राणीने १८५७ साली आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. १३ जूनच्या रात्री टाकळीच्या रिसाल्याने उठावाचा बेत केला होता, तो फसला, काहींना फाशी झाली. आणि बांकाबाईंनी आपल्या माणसांना त्यापासून दूर राहण्याची ताकीद दिली. पाठ्यपुस्तकाला येथे संकोच होतो, कारण अन्याय सोसलेली राणी उठावाच्या बाजूस असावयास हवी अशी आपली अपेक्षा असते. वयाने थकलेली, दत्तकाची मंजुरी आणि कुटुंबाची तैनात इंग्रजांच्या मर्जीवर अवलंबून असलेली, एका पराभवाचे सर्व टप्पे पाहिलेली ही स्त्री तसे का वागली, हा प्रश्न नववीच्या मुलीला विचारून पाहावा. फितुरी या एका शब्दात तिची बोळवण करणारे उत्तर ती सहसा देणार नाही, असा माझा विश्वास आहे.

या शिक्षणाला अडथळा करणारी मुख्य गोष्ट शिक्षकांची अनिच्छा ही नव्हे. राज्यभरासाठी लिहिलेल्या पुस्तकात नागपूरकरांच्या वाट्याला थोड्याच ओळी येणार हे उघड आहे, आणि तक्रार करणाऱ्या पालकाचे पत्र आले म्हणजे मुख्याध्यापकाचा धीर सुटतो हेही खरे. पण या दोन्हींवर मात करता येते. मात करता येत नाही ती परीक्षेवर. भास्करपंत कोठे मारला गेला, या प्रश्नाला एक गुण आहे. तो बंगालच्या दृष्टीने कोण होता, याला एकही नाही. तेव्हा आरंभ प्रश्नपत्रिकेपासून व्हावा. बखरीतील एक परिच्छेद आणि गंगारामाच्या काव्याचा मराठी सारांश शेजारी छापावा, दोहोंत कोणत्या गोष्टी समान आहेत, कोणत्या एकानेच सांगितल्या आहेत, आणि कोणी काय का सांगितले नसावे, हे विद्यार्थ्याने लिहावे, आणि निष्कर्ष कोणताही असो, आधार दाखविणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. नागपूर विभागातील दहा शाळांनी आपल्या सहामाही परीक्षेत असा एक प्रश्न घालावयाचे ठरविले, तर त्याला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.